मित्र ताऱ्यापर्यंतची सफर वहीत कशी आखावी

मी चिपळूणला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. ‘पृथ्वीसारखा ग्रह सापडला’ अशी बातमी आली की दुसऱ्या दिवशी वर्गात कुणीतरी विचारतंच, “मॅडम, तिथे जायला किती वेळ लागेल?” त्यावर नुसतं ‘खूप’ म्हणून मुलांना खाली बसवणं मला पटत नाही. मी त्यांना हिशेब करायला लावते. तोच हिशेब इथे सांगते आहे. शंभर पानी वही, सायंटिफिक कॅल्क्युलेटर (मोबाइलमधला चालेल) आणि दोन-तीन निवांत संध्याकाळी एवढ्यावर तो होतो. गणित बहुतेक सगळं गुणाकार-भागाकाराचं आहे.

वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात एकच प्रश्न लिहा: थांबणार कसे? बातम्या वेगाबद्दल बोलतात, कारण वेगाचे आकडे डोळे दिपवतात. पण आपल्याला तिथे राहायचं आहे, म्हणजे उतरायचं आहे, म्हणजे आधी थांबायचं आहे. हा प्रश्न शेवटी घेतला तर आधीची सगळी पानं पुन्हा लिहावी लागतात.

आधी तारा बघून घ्या

सूर्यानंतरचा आपला सर्वांत जवळचा शेजार म्हणजे नरतुरंग तारकासमूहातला मित्र, अर्थात अल्फा सेंटॉरी. तो महाराष्ट्रातून दिसतो, फक्त क्षितिजाच्या फार वर येत नाही. चिपळूणच्या अक्षांशावर तो जास्तीत जास्त पावणेबारा अंश चढतो. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते, त्यावरून अंदाज घ्या. सिंधुदुर्ग-गोव्यात तो थोडा वर दिसतो, नागपूरला जेमतेम आठ अंश. मेच्या मध्यावर रात्री साडेअकरा-पावणेबाराच्या सुमारास तो बरोबर दक्षिणेला असतो. चिपळूण खोऱ्यात असल्यामुळे डोंगर आड येतात, म्हणून आम्ही मुलांना घेऊन गुहागरकडच्या सड्यावर, म्हणजे मोकळ्या पठारावर, जातो. दक्षिणेकडे तोंड करून आधी त्रिशंकू (सदर्न क्रॉस) हा तारकासमूह शोधा. तो उजवीकडे कललेला असेल. त्याच्या डावीकडे दोन ठळक तारे दिसतात. त्रिशंकूजवळचा मित्रक, आणि त्याच्या डावीकडचा जास्त तेजस्वी तो मित्र. पाऊस लागला की हे दर्शन पुढच्या वर्षावर जातं, तेव्हा एप्रिल-मे सोडू नका.

डोळ्यांना एक दिसणारा हा तारा दुर्बिणीतून दोन दिसतो. ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली ती भारताच्या भूमीवरून. डिसेंबर १६८९ मध्ये पुद्दुचेरीत जाँ रिशो हे फ्रेंच जेझुइट पाद्री धूमकेतूचं निरीक्षण करत होते, तेव्हा त्यांना मित्राची जोडी दिसली. तिसरा भाऊ फार मंद आहे, नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. तो १९१५ मध्ये जोहान्सबर्गहून रॉबर्ट इनेस यांनी शोधला. त्याचं नाव प्रॉक्सिमा, आणि तिघांत आपल्याला सर्वांत जवळचा तोच: ४.२४ प्रकाशवर्षं, म्हणजे तिथून प्रकाशालाही यायला सव्वाचार वर्षं लागतात. ऑगस्ट २०१६ मध्ये त्याच्याभोवती एक ग्रह जाहीर झाला, प्रॉक्सिमा बी. आपलं मुक्कामाचं ठिकाण हेच धरू.

आता दुसरं पान उभं दुमडा आणि दोन रकाने करा: ‘मोजलेलं’ आणि ‘मानलेलं’. पहिल्या रकान्यात लिहा: ग्रहाचं वर्ष ११.२ दिवसांचं, ताऱ्यापासून अंतर सुमारे ७५ लाख किलोमीटर, वस्तुमान निदान पृथ्वीएवढं. हे आकडे चिलीमधल्या ला सिया वेधशाळेतून ग्रहाच्या ओढीने ताऱ्याचं होणारं बारीकसं डोलणं मोजून मिळाले. ग्रहाची त्रिज्या मात्र मोजता आलेली नाही, कारण आपल्या बाजूने पाहताना तो ताऱ्यासमोरून जाताना आढळलेला नाही. त्याला हवा आहे का, हेही कुणाला मोजता आलेलं नाही. त्यामुळे ‘खडकाळ’, ‘पाणी असू शकेल’, ‘पृथ्वीसारखा’ हे सगळे शब्द दुसऱ्या रकान्यात जातात.

पहिला रकानाही पेन्सिलनेच लिहा. बर्नार्डचा तारा सुमारे ६ प्रकाशवर्षांवर आहे. पीटर व्हान दे काम्प यांनी १९६० च्या दशकात त्याच्याभोवती ग्रह असल्याचं सांगितलं, ते टिकलं नाही. २०१८ मध्ये २३३ दिवसांच्या वर्षाचा ग्रह जाहीर झाला, तोही टिकला नाही. २०२४ मध्ये मिळालेला ग्रह तीन दिवसांत फेरी मारतो आणि राहण्याच्या दृष्टीने फारच तापलेला आहे. ज्यांनी पन्नास वर्षांपूर्वी तिथे जायच्या योजना आखल्या, त्यांच्या वहीतला पत्ताच बदलला.

अंतर आणि वेळ

एक प्रकाशवर्ष म्हणजे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. त्याला ४.२४ ने गुणलं की साधारण ४० लाख कोटी किलोमीटर येतात. वर्षातले सेकंद ३.१६ कोटी धरा.

पहिला भागाकार व्हॉयेजर १ चा करा. सप्टेंबर १९७७ मध्ये निघालेलं हे यान ऑगस्ट २०१२ मध्ये सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून बाहेर पडलं. त्याचा वेग सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर आहे. उत्तर येतं साधारण ७५,००० वर्षं.

इथे कुणीतरी सूर्याच्या अगदी जवळून जाणाऱ्या नासाच्या पार्कर यानाचं नाव काढतंच. २४ डिसेंबर २०२४ रोजी त्याने सेकंदाला १९२ किलोमीटर वेग गाठला, आणि त्या वेगाने भागलं तर ६,६०० वर्षं येतात. भागाकार बरोबर आहे, पण तो वेग सूर्याच्या ओढीने खाली पडताना मिळालेला आहे. सूर्यापासून दूर जाताना तो परत द्यावा लागतो. हा आकडा वहीत लिहिलात तर शेजारी तेवढी नोंद करा.

आता प्रश्न उलटा करा. एका माणसाच्या आयुष्यात पोचायचं तर वेग किती हवा? प्रकाशाच्या दहा टक्के वेगाने ४२-४३ वर्षं लागतात. विशीत निघालेली मुलगी साठी ओलांडल्यावर पोचेल. दहा टक्के म्हणजे सेकंदाला ३०,००० किलोमीटर. पुढचा सगळा हिशेब याच आकड्यावर करा. नंतर तो कमी-जास्त करून बघता येतो.

ऊर्जा, कोयनेच्या मापात

ज्यूलमध्ये लिहिलेलं उत्तर कुणाच्याच मनात उतरत नाही. म्हणून आम्ही कोयनेचं माप वापरतो. पोफळी, अलोरे, कोळकेवाडी ही नावं आमच्या मुलांच्या रोजच्या तोंडातली आहेत, कित्येकांचे वडील-आजोबा तिथे नोकरीला होते, आणि टर्बाइन फिरवून सुटलेलं पाणी वशिष्ठीतून गावाशेजारून वाहतं. तुम्ही तुमच्या जवळचं वीजकेंद्र घ्या.

एक किलो वस्तू सेकंदाला ३०,००० किलोमीटर वेगाने न्यायची तर गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणून काढा. वेग मीटरमध्ये घ्यायला विसरू नका. उत्तर ४५ वर १३ शून्यं इतके ज्यूल. एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख ज्यूल, तेव्हा हे झाले १२.५ कोटी युनिट. कोयनेची सगळी केंद्रं मिळून क्षमता १,९६० मेगावॅट, म्हणजे तासाला १९.६ लाख युनिट. भागा. ६४ तास.

एका किलोसाठी कोयना पूर्ण भाराने ६४ तास. वर्गात या ओळीपाशी मी थोडा वेळ थांबते, कारण मुलांना स्वतःचं वजन घालून बघायचं असतं. मग जहाज घ्या. माणसं, शेती, यंत्रं, भिंती सगळं धरून एक हजार टन, हे फारच लहान झालं, तरी धरू. एक हजार टन म्हणजे दहा लाख किलो. कोयनेला सुमारे ७,३०० वर्षं लागतील. आणि ही फक्त जहाजाच्या वेगाची ऊर्जा आहे. इंधनाचं वजन, वाया जाणारी उष्णता आणि ब्रेक यांचा हिशेब अजून सुरू झालेला नाही.

ब्रेकचं पान

या पानाला सर्वांत जास्त वेळ द्या.

१९०३ मध्ये रशियातल्या कन्स्तान्तीन त्सिओल्कोव्स्की या शाळामास्तरांनी रॉकेटचं समीकरण प्रसिद्ध केलं. ते असं वापरायचं: वेगात एकूण जेवढा बदल करायचा, त्याला इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या वेगाने भागा. आलेली संख्या कॅल्क्युलेटरवर ‘ई’च्या घाताच्या (eˣ) बटणाने चढवा. इंधन भरलेलं जहाज रिकाम्या जहाजाच्या किती पट जड असावं लागेल, ते मिळतं.

आजच्या उत्तम रासायनिक इंजिनातून वायू सेकंदाला साधारण साडेचार किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. ३०,००० भागिले ४.५ म्हणजे सुमारे ६,६६७. याचा घात काढायला गेलात तर कॅल्क्युलेटर ‘एरर’ दाखवेल, कारण उत्तर जवळपास २,९०० आकडी आहे. दिसणाऱ्या विश्वातले सगळे अणू मोजले तरी ती संख्या साधारण ८० आकड्यांत संपते. रासायनिक रॉकेटवर इथेच काट मारा.

आता अणुसंमीलनाचं, म्हणजे सूर्याच्या पोटात चालते त्या प्रक्रियेवरचं, इंजिन माना, वायूचा वेग सेकंदाला १०,००० किलोमीटर. असं इंजिन अजून कुणी बनवलेलं नाही, म्हणून ते ‘मानलेलं’ रकान्यात. ३०,००० भागिले १०,००० म्हणजे ३. घात काढला की २०. एक हजार टनांचं जहाज निघताना वीस हजार टनांचं. अवघड, पण कागदावर बसतं. मुलं खूश होतात.

मग थांबवा. तीस हजाराचा वेग शून्यावर आणायचा, म्हणजे एकूण बदल साठ हजाराचा. भागाकार ६, घात ४०३. जहाज चार लाख टनांच्या वर गेलं. थांबण्याची किंमत दुप्पट होत नाही. विसाची वीसपट होते, कारण ब्रेकसाठीचं इंधनही आधी वेगात आणावं लागतं. हा आकडा ज्याने स्वतःच्या हाताने काढला, तो पुढे कुठलीही बातमी वाचताना आपोआप विचारतो की यात ब्रेक आहे का.

विचारून बघाच. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीच्या अभियंत्यांनी १९७३ ते १९७८ या काळात डीडलस नावाच्या यानाचा आराखडा केला. ५४,००० टनांचं यान, त्यातलं ५०,००० टन इंधन, प्रकाशाच्या १२ टक्के वेग, बर्नार्डच्या ताऱ्यापर्यंत सुमारे ५० वर्षं. इतका कसून केलेला आराखडा आजही अभ्यासावा असा आहे. पण ते यान ताऱ्याजवळून निघून जाणार होतं, थांबणार नव्हतं. १२ एप्रिल २०१६ रोजी न्यूयॉर्कमध्ये अब्जाधीश युरी मिल्नर आणि भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांनी ब्रेकथ्रू स्टारशॉट जाहीर केलं: काही ग्रॅमचं यान, पातळ शीड, जमिनीवरून १०० गिगावॅट लेझरचा झोत, २० टक्के वेग, वीस वर्षांत मित्र. ब्रेक इथेही नाही. त्या वेगाने प्रॉक्सिमा बीच्या कक्षेचा पूर्ण व्यास, दीड कोटी किलोमीटर, ओलांडायला किती वेळ लागेल ते काढा. अडीचशे सेकंद. वीस वर्षांच्या प्रवासानंतर चार मिनिटांची भेट.

इंधनाशिवाय थांबायच्या दोन वाटा मला गंभीरपणे घेण्यासारख्या वाटतात. एक चुंबकीय शिडाची: अतिवाहक (विजेला अजिबात रोध न करणाऱ्या) तारेचं प्रचंड कडं, त्यातला विद्युतप्रवाह भोवती चुंबकीय क्षेत्र तयार करतो, आणि ताऱ्यांमधला अतिविरळ भारित वायू त्याला अडवतो. दुसरी ताऱ्याच्या प्रकाशाची. २०१७ मध्ये रेने हेलर आणि मायकेल हिपके यांनी हिशेब मांडला की हलकं शीड मित्राच्या दोन मोठ्या ताऱ्यांच्या प्रकाशाने मंदावत पुढे प्रॉक्सिमापाशी थांबू शकेल. मात्र त्यासाठी येतानाचा वेग प्रकाशाच्या ४.६ टक्क्यांच्या आत हवा. मित्रापर्यंत ९५ वर्षं आणि तिथून प्रॉक्सिमापर्यंत आणखी ४६. थांबायचं ठरवलं आणि वीस वर्षांची १४० झाली, तीही शंभर ग्रॅमच्या आतल्या यानासाठी.

म्हणून माझा सल्ला असा की वस्तीची योजना आखताना वेग आधी ठरवू नका. आधी ब्रेक निवडा, त्या ब्रेकला झेपेल तो वेग घ्या, आणि त्यातून निघतील तेवढी वर्षं माणसांच्या पानावर उतरवा.

आतली माणसं

वर्षं शंभराच्या पुढे गेली की निघणारे आणि पोचणारे वेगळे. मग किती जण न्यायचे? फ्रेडेरिक मारँ आणि कामीय बेलुफी यांनी २०१८ मध्ये ६,३०० वर्षांच्या प्रवासासाठी किमान ९८ माणसं असा आकडा काढला. मानववंशशास्त्रज्ञ कॅमेरॉन स्मिथ यांचं उत्तर किमान १४,००० आणि शक्यतो ४०,००० असं आहे. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा आणि फरक कशाचा ते शोधा. ९८ मध्ये कुणी कुणाबरोबर मुलं जन्माला घालायची हे पिढ्यान्‌पिढ्या यंत्राच्या देखरेखीखाली ठरतं. ४०,००० मध्ये साथ आली, अपघात झाला तरी वंश टिकावा एवढी जागा ठेवलेली आहे. मी दुसऱ्या बाजूची आहे. जोडीदार निवडायची मोकळीक नसलेल्या जहाजाला मी वस्ती म्हणणार नाही. बारावीतल्या एका मुलीने एकदा विचारलं होतं, “मॅडम, वाटेत जन्मलेलीला उतरायचंच नसेल तर?” तो प्रश्न आम्ही कायमचा या पानावर लिहून ठेवला आहे.

पाण्याचा हिशेब सोपा आणि डोळे उघडणारा आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर २०२३ मध्ये ९८ टक्के पाणी परत मिळवण्यापर्यंत मजल गेली. माणशी रोज चार लिटर धरलं तर दोन टक्के म्हणजे ८० मिलिलिटर रोज जातं. पाचशे माणसं, पन्नास वर्षं: ७३० टन. आपलं अख्खं जहाज हजार टनांचं धरलं होतं. मागे जा, आकडा बदला, आणि ब्रेकच्या पानावरचा ४०३ चा गुणाकार पुन्हा करा.

हवेसाठी ॲरिझोनातल्या बायोस्फिअर २ चा अनुभव वाचा. सप्टेंबर १९९१ मध्ये आठ माणसं सव्वा हेक्टरच्या बंद काचघरात दोन वर्षांसाठी शिरली. शेत, रान, छोटा समुद्र सगळं आत होतं. तरी ऑक्सिजन जवळपास २१ टक्क्यांवरून साडेचौदाच्या खाली उतरला आणि जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून सोडावा लागला. सेंद्रिय खत भरपूर घातलेल्या मातीतले जीवाणू तो खात होते, आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड काँक्रीट शोषून घेत होतं, त्यामुळे झाडांना तो परत मिळत नव्हता. दोन वर्षांत हे झालं, आणि बाहेर पृथ्वी होती. शेतकऱ्यांच्या घरातली मुलं या भागावर सर्वांत चांगलं बोलतात. मातीला श्वास असतो हे त्यांना सांगावं लागत नाही.

बाकीच्या गोष्टी एकेका ओळीत चालतील. पृथ्वीएवढं वजन जाणवण्यासाठी जहाज फिरवायचं: मिनिटाला दोन फेरे घेतले तर त्रिज्या २२४ मीटर लागते. किरणोत्सर्ग: मंगळाकडे जाताना नासाच्या क्युरिऑसिटी गाडीवरच्या उपकरणाने दिवसाला सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या किरणोत्सर्गाचं माप) मोजला, पृथ्वीवर वर्षाला सरासरी २.४ मिळतो, म्हणजे जाड भिंती, म्हणजे पुन्हा वजन. धूळ: आपल्या वेगाने एक मिलिग्रॅमचा कण आदळला तर शंभर किलो टीएनटी या स्फोटकाइतकी ऊर्जा सुटते, म्हणजे पुढे ढाल, पुन्हा वजन.

पोचल्यावर

प्रॉक्सिमा हा शांत तारा नाही. मार्च २०१६ मध्ये तो थोडा वेळ नेहमीच्या ६८ पट उजळला होता. ग्रह त्याच्या इतका जवळ आहे की त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असण्याची शक्यता मोठी. हवा नसेल तर जमिनीखाली राहावं लागेल.

आणि हवा असेल, तीही ऑक्सिजनची? पृथ्वीवरचा ऑक्सिजन सजीवांनी तयार केला आहे. तिथे भरपूर ऑक्सिजन सापडला तर ते घर आधीच कुणाचं तरी असण्याचा संशय बळकट होतो, मग ते कुणी डोळ्यांना न दिसणारं का असेना. १९६७ च्या बाह्य अवकाश करारात इतर खगोलांवर हानिकारक दूषण करू नये असं कलम आहे. तेव्हा वर्गाने ठरवलेला आमचा नियम असा: हवा विषारी किंवा नसलेलीच असेल तर उतरायचं, श्वास घेता येण्यासारखी असेल तर कक्षेतच थांबायचं. शेकडो वर्षं बंद जहाजात नीट जगलेल्या लोकांना जमिनीची निकड तशीही कमीच असेल. त्यांना दगड, बर्फ आणि धातू लागतील, आणि ते लहान गोलांवरून मिळू शकतात.

शेवटचा हिशेब निघण्याच्या तारखेचा. अँड्रयू केनेडी यांनी २००६ मध्ये दाखवलं की घाईने निघालेल्यांना मागून निघालेले वाटेत गाठू शकतात. आपण सोपं गृहीतक घेऊ: दर शंभर वर्षांनी वेग दुप्पट होतो, आजचा प्रवास ७५,००० वर्षांचा. आठशे वर्षं थांबून निघालं तर प्रवास २९३ वर्षं, एकूण १,०९३. नऊशे वर्षं थांबलं तर १४६, एकूण १,०४६. हजार वर्षं थांबलं तर ७३, एकूण १,०७३. म्हणजे या गृहीतकावर नऊशेच्या आसपास निघणं सर्वांत बरं. ‘दर शंभर’च्या जागी ‘दर पन्नास’ घालून तुम्ही स्वतः करून बघा.

‘मोजलेलं’ रकान्यात प्रॉक्सिमा बीच्या त्रिज्येची आणि हवेची ओळ कोरी सोडा. चिलीतल्या सेरो आर्माझोनेसवर ३९ मीटर आरशाची युरोपीय दुर्बीण उभी राहते आहे, ती या दशकाच्या अखेरीस सुरू व्हायची आहे आणि या ग्रहाची हवा तपासणं तिच्या कामांत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून मित्राच्या मोठ्या ताऱ्याभोवती शनीएवढ्या वस्तुमानाचा वायूग्रह असण्याची शक्यता जाहीर झाली. त्याची नोंद आज ‘मानलेलं’मध्ये, पेन्सिलने, तारीख घालून करा.